लाईट गेली की सोलरही बंद? आधी हे समजून घ्या

घरून केक-आईस्क्रीमचा धंदा करताय आणि सोलर घ्यायचंय? मग हे वाचाच. पॅनलमधल्या सिलिकॉनच्या सेलवर ऊन पडलं की डीसी वीज तयार होते. इन्व्हर्टर तिची २३० व्होल्टची एसी करतो. चांगल्या उन्हात १ किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. उरलेली वीज नेट मीटरमधून ग्रिडला जाते आणि बिलात वजा होते.

पण लाईट गेली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर भर उन्हातही बंद होतो. हा बिघाड नाही. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोय असते.

लाईट नसतानाही फ्रीज चालायला हवा? मग बॅटरीसकट हायब्रिड सिस्टिमचं कोटेशन मागा. ती महाग पडते. म्हणून लाईट गेल्यावर महिन्याला किती माल खराब होतो, ते आधी वहीत मांडा.