जमिनीखालचा लुटारू

विद्यार्थी मित्रांनो, दास्तानांमधील देव आणि जिन यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. मराठी गोष्टींत अशा भयंकर देवाला राक्षस म्हणतात. आज आपण कोरियातील एका राक्षसाची लोककथा वाचू या.

कोरिया हे आशिया खंडाच्या पूर्वेकडील द्वीपकल्प आहे. तेथील काही लोककथांत जमिनीखाली एक देश असतो. त्याला 'जिहागुक' म्हणतात. तेथील राक्षसाला 'देजोक', म्हणजे मोठा लुटारू, असे नाव आहे. काही कथांत त्याला नऊ डोकी असतात.

एकदा या राक्षसाने राजकन्येला पळवून नेले. तिला सोडवण्यासाठी एक योद्धा सोबत्यांसह निघाला. शोधता शोधता त्यांना जमिनीत एक अरुंद भुयार सापडले. सोबती घाबरले. तेव्हा योद्धा एकटाच दोराला बांधलेल्या टोपलीत बसून खाली उतरला.

खाली एक विहीर होती. योद्धा जवळच्या झाडावर लपला. थोड्या वेळाने राजकन्या पाणी भरायला आली. योद्ध्याने तिच्या घागरीत झाडाची पाने टाकली. राजकन्येने वर पाहिले आणि तिला सारे समजले.

तिने एक मोठा दगड दाखवला व म्हणाली, "आधी हा उचला." योद्ध्याला तो हलवताही आला नाही. पण राजकन्या निराश झाली नाही. जिनसेंग ही कोरियातील प्रसिद्ध औषधी मुळी आहे. तिचे पाणी राजकन्या त्याला रोज देऊ लागली. काही दिवसांनी त्याने तो दगड सहज उचलला.

राक्षस झोपलेला असताना योद्ध्याने त्याचे डोके उडवले. पण काय आश्चर्य! डोके उडी मारून पुन्हा मानेला चिकटू लागले. राजकन्येने चटकन मानेवर राख टाकली. डोके चिकटले नाही. राक्षस मेला.

संकट मात्र संपले नव्हते. राजकन्या वर पोहोचताच सोबत्यांनी भुयाराचे तोंड दगडाने बंद केले. "राक्षसाला आम्हीच मारले," असे त्यांनी राजाला सांगितले. पुढे योद्धा एका मदतनिसाच्या साहाय्याने वर आला. खरे काय ते उघड झाले आणि दगाबाजांना शिक्षा झाली. योद्ध्याचे व राजकन्येचे लग्न झाले.

मित्रांनो, तलवार योद्ध्याची होती. पण मूठभर राख नसती तर ती तलवार वाया गेली असती. आणि राक्षसाला भिऊन मागे राहिलेले सोबती श्रेय घ्यायला मात्र सर्वांत पुढे होते! अशी माणसे ओळखायला जमिनीखाली जावे लागत नाही.

शब्दार्थ
भुयार – जमिनीखालचा रस्ता
घागर – पाणी भरण्याचे भांडे
मदतनीस – मदत करणारा
श्रेय – चांगल्या कामाचा मान

स्वाध्याय
१. योद्ध्याने घागरीत पाने का टाकली?
२. राजकन्येने मानेवर राख का टाकली?
३. राक्षसाला मारण्याचे श्रेय तुम्ही कोणाला द्याल? का?
४. 'वाया जाणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.