पतसंस्थेतून वन्यजीव संरक्षणाकडे जाता येईल का?

प्रश्न : मी घनसावंगीत एका पतसंस्थेत लेखापाल आहे. वय ३३, शिक्षण बी.कॉम. लहानपणापासून पशुपक्ष्यांची ओढ आहे आणि आता पूर्णवेळ वन्यजीव संरक्षणाचंच काम करावंसं वाटतं. पण मी विज्ञान शिकलेलो नाही आणि आमच्या तालुक्यात अभयारण्यही नाही. नोकरी सोडून ताडोबाकडे जावं का? की आता उशीर झाला?

उत्तर : वय, शिक्षण आणि जागा अशा तीन शंका तुमच्या पत्रात एकमेकींत गुंतल्या आहेत. आधी वयाची सोडवू, ती सोपी आहे.

१९३० साली पक्षितज्ज्ञ सलीम अली तुमच्याच वयाचे होते आणि बेकार होते. ब्रह्मदेशातला घरचा व्यवसाय करून झाला होता, मुंबईत दावर कॉलेजात वाणिज्याचं शिक्षण झालं होतं, वस्तुसंग्रहालयात गाइडची नोकरीही झाली होती. जर्मनीत जाऊन तिथले पक्षितज्ज्ञ स्ट्रेसमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकून परत आले, तर ती नोकरीच उरली नव्हती. विद्यापीठाची पदवी जवळ नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणींची वसाहत होती आणि पावसाळ्यात ते तिच्यासमोर ठाण मांडून बसले. नर खोपा अर्धाच विणतो. मादी येते, आत शिरून पारखते. तिला पसंत पडला तर ती मुक्काम करते, मग नर खालची नळी पूर्ण करतो आणि लगेच शेजारी दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा सुरू करतो. रोज पाहून, लिहून ठेवून त्यांनी हा क्रम उलगडला. हेच पक्षी तुमच्याकडे विहिरीवर वाकलेल्या बाभळींना खोपे टांगतात, तेव्हा वयाची आणि पदवीची धास्ती घेऊ नका.

म्हणून लगेच राजीनामा द्यावा असं मात्र नाही. सरकारी वाटा तुमच्यासाठी अरुंद आहेत. वनरक्षकाच्या भरतीची वयोमर्यादा, तुम्ही खुल्या प्रवर्गातले असाल तर, उलटून गेली आहे. वनक्षेत्रपाल पदासाठी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला विज्ञान, शेतकी, अभियांत्रिकी अशा ठरावीक शाखा मागितल्या जातात. शिवाय पुरुष उमेदवाराला चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. आणि ओळखपाळख नसताना ताडोबाला गेलात, तर बहुधा पर्यटनातलं काम मिळेल. ते वाईट नाही, पण तुम्ही विचारलं आहे ते हे नव्हे.

आता जागेची शंका. वन्यजीव म्हणजे वाघ आणि संरक्षण म्हणजे अभयारण्य, हा समज फार खोल रुजला आहे. तुमच्या तालुक्यात काळवीट, रोही (नीलगाय), रानडुक्कर, कोल्हा, मोर सगळे आहेत. फक्त ते गायरानात, माळावर, नाल्याकाठी आणि लोकांच्या शेतात राहतात. त्यांना कुंपण नाही, म्हणून तिथलं काम जास्त अवघड आहे.

उदाहरणार्थ रोही घ्या. गायरानं अतिक्रमणात आटली, उरलेल्यांवर जनावरं चरून गवत राहत नाही. उलट कालव्याच्या आणि बंधाऱ्यांच्या पाण्यामुळे हरभरा, ऊस, मोसंबी असं काहीतरी हिरवं शेतात जवळजवळ बारा महिने असतं. कळप रात्री तिकडे वळणारच. एका रात्रीत ते खातात त्याहून तुडवतात जास्त. सकाळी शेतकरी बांधावर उभा राहून ते पाहतो, तेव्हा त्याला संरक्षणाच्या गप्पा सांगायला जाऊ नये.

या नुकसानीची भरपाई सरकार देतं. त्यासाठी तीन दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, मग पंचनामा होतो. सातबारा, बँकेचं पासबुक, फोटो जोडावे लागतात. बऱ्याच जणांना मुदतच ठाऊक नसते. ज्यांना असते, त्यांचा अर्ज एखाद्या कागदासाठी अडतो. दोन हंगाम असे गेले की एखादा चिडून रात्री कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. त्या तारेला रोही चिकटतं, कोल्हा चिकटतो आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही चिकटतो. म्हणजे जनावराचा जीव पुष्कळदा एका वेळेवर न भरलेल्या अर्जापाशी अडकलेला असतो, आणि अर्ज, मुदत, पासबुक हेच तर तुमचं रोजचं काम आहे. शेतकरी तुमच्या काउंटरवर येतोच. प्राणिशास्त्राच्या पदवीधराला हा विश्वास मिळवायला काही वर्षं लागतील.

विहिरींचंही तसंच. कठडा नसलेल्या विहिरीत रात्री कोल्हा, खोकड, कधी लांडगा पडतो. गावातल्या अशा विहिरींची यादी करा, मालकांना भेटा, कठड्यासाठी मागे लागा. जनावर पडलेलं दिसलं तर स्वतः उतरू नका, वनविभागाला कळवा. हरणाचं पाडस सापडलं म्हणून घरी आणून पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हेतू चांगला होता, हे तिथे चालत नाही. साप पकडून मोबाइलसमोर मिरवणं तर कायद्याला धरून नाही आणि जिवावरही बेतू शकतं.

जखमी प्राण्यांची शुश्रूषा जवळून पाहायची असेल तर गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात जा. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांचा ‘सर्पराज्ञी’ प्रकल्प आहे. आधी परवानगी घ्या, आणि गेलात की बघत उभे राहू नका, काम मागा. खाणं, औषधं, पिंजरे यांचा रोजचा खर्च कसा भागवतात हेही विचारा. हिशेब चोख ठेवणारा माणूस अशा कोणत्याही संस्थेला हवाच असतो, आणि पगारी जागा निघाली तर तुमच्यासारख्याला तीच वाट जास्त जवळची आहे.

शिक्षणाची भूक भागवायला नोकरी सोडावी लागत नाही. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी पक्षिशास्त्राचे अभ्यासक्रम चालवते. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ साली सुरू केलेली इकॉलॉजिकल सोसायटी आहे. स्वतः गोळे अर्थशास्त्राकडून निसर्गाकडे आले होते. पुण्याच्याच भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेचे संस्थापक संचालक इराक भरुचा पेशाने सर्जन. बाहेरच्या विषयातून आलेल्यांचं या क्षेत्रात कुणाला नवल वाटत नाही.

सुरुवात म्हणून या आठवड्यात ग्रामपंचायतीकडे लोकजैवविविधता नोंदवही मागा. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार अशी नोंदवही आणि ती सांभाळणारी समिती गावोगाव असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती घाईने भरलेली असते. तुमच्या गायरानातली गवतं, पाणवठे, लांडग्याच्या जुन्या जागा त्यात आहेत का ते पडताळा. नसतील तर मेंढपाळांना आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारून लिहून काढा आणि समितीपुढे ठेवा. रविवार पुरतील.