पाऊस आला की इंटरनेट का जाते?

प्रश्न : आमचे ब्रॉडबँड लँडलाइनवर आहे. पाऊस लागला किंवा फोन वाजला की इंटरनेट तुटते, थोड्या वेळाने आपोआप येते. मॉडेम बदलावा का?

उत्तर : मॉडेमवर इतक्यात खर्च करू नका. इंटरनेट जाते तेव्हा ‘डीएसएल’चा दिवा पाहा. तो स्थिर असेल, तर लाइन शाबूत आहे. लुकलुकत असेल, तर दोष बहुधा तारेत.

फोन वाजताच तुटते म्हणजे माझा पहिला संशय स्प्लिटरवर. तांब्याच्या एकाच जोडीतून आवाज ४ किलोहर्ट्‌झच्या खाली आणि इंटरनेट साधारण २५ किलोहर्ट्‌झच्या वर धावते. स्प्लिटर दोघांना वेगळे ठेवतो. आतल्या खोलीतला पॅरलल फोन त्याच्याविना जोडलेला असतो, आणि नेमके तिकडे कुणी पाहत नाही. सगळे फोन काढा, मॉडेम आखूड वायरने घरातल्या पहिल्या रोझेटला थेट लावा आणि एक पावसाळी दिवस जाऊ द्या. इंटरनेट टिकले तर घरातले वायरिंग दुरुस्त करा.

तरीही तुटले, तर एक फोन परत जोडा आणि उचलून ऐका. पावसात खरखर वाढत असेल तर डीपी बॉक्समध्ये (बाहेरच्या तारा वाटणाऱ्या पेटीत) किंवा केबलच्या जोडात ओल शिरली आहे. मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर ‘एसएनआर मार्जिन’, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नलची शिल्लक, असते. ते ६ डेसिबलखाली गेले की जोडणी डळमळते. कोरड्या आणि ओल्या दिवसाचे आकडे लिहून लाइनमनला दाखवा, जोड नव्याने करून मागा. तोवर वेग थोडा कमी करून घ्या, लाइन टिकेल. विजा चमकताना मात्र मॉडेमच्या दोन्ही वायरी काढाच.