प्रगतिपुस्तक आणि जीवनाचा हिशेब



सत्र संपले की प्रगतिपुस्तके घरी जातात. वर्गशिक्षक म्हणून त्यांवर शेरे लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. विषयांचे गुण, ड्रिल, खेळ, वर्गातील क्रमांक हे रकाने भरणे सोपे असते. अवघड असतो तो शेवटचा, शेऱ्याचा रकाना. तेथे गुणांविषयी नव्हे, मुलाविषयी लिहायचे असते.

त्या वेळी मला मत्तयाच्या शुभवर्तमानातील २५ वा अध्याय आठवतो. त्यात येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. प्रवासाला निघालेला धनी आपल्या तीन चाकरांना, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे, पाच, दोन आणि एक टॅलंट सोपवतो. टॅलंट हे त्या काळचे पैशाचे मोठे माप होते. एक टॅलंट म्हणजे मजुराची सुमारे २० वर्षांची कमाई. अंगच्या गुणाला आपण 'टॅलंट' म्हणतो, तो अर्थ याच दृष्टान्तावरून रूढ झाला.

पुष्कळ दिवसांनी धनी परत येऊन हिशेब घेतो. पहिल्याने पाचाचे दहा केलेले असतात, दुसऱ्याने दोनाचे चार. धनी दोघांनाही त्याच शब्दांत शाबासकी देतो. तिसऱ्याने भीतीपोटी आपला टॅलंट जमिनीत पुरून ठेवलेला असतो. त्याला बोल लागतो तो कमी मिळवले म्हणून नव्हे, काहीच करून पाहिले नाही म्हणून.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. दोन टॅलंटवाल्याने खाली मान घालण्याचे कारण नाही. आणि पाच टॅलंटवाल्याने आणखी तीनच मिळवले असते, तरी आपल्या गुणानुक्रमात तोच पहिला आला असता; धन्याच्या हिशेबात मात्र तो कमी भरला असता.

सैन्यातही हे दिसते. १९७१ च्या युद्धातील परमवीरचक्राचे मानकरी चार: एक मेजर, एक सेकंड लेफ्टनंट, एक फ्लाइंग ऑफिसर आणि एक लान्स नाईक. हुद्दे वेगवेगळे, पदक तेच. त्यांतील लान्स नाईक म्हणजे आजच्या झारखंडमधील गुमला भागातल्या ख्रिस्ती आदिवासी कुटुंबातील अल्बर्ट एक्का. गंगासागरच्या लढाईत जखमी असतानाही त्यांनी शत्रूची मशीनगन बंद पाडली आणि वीरमरण पत्करले. तेव्हा ते २८ वर्षांचे होते.

त्याच अध्यायाच्या शेवटी आणखी एक हिशेब आहे, अखेरच्या न्यायाचा. तेथे विचारणा होते ती भुकेल्याला अन्न दिले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, परक्याला घरात घेतले का, याची. ज्यांची वाहवा होते, त्यांना आपण हे केव्हा केले तेच आठवत नाही. गुण मिळावेत म्हणून त्यांनी ते केलेलेच नसते. रूट मार्चमध्ये मागे पडलेल्या सोबत्याची पिशवी उचलणाऱ्या कॅडेटसाठी प्रगतिपुस्तकात रकाना नाही. पण चांगले जगणे यालाच म्हणतात.

पालकांना विनंती, की क्रमांक पाहण्याआधी शेरा वाचावा. आणि कॅडेटांनो, सुट्टीत स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला काय मिळाले आहे? त्यातले मी भीतीने किंवा आळसाने काय पुरून ठेवले आहे? माझ्यामुळे या सत्रात कोणाचे ओझे हलके झाले? उत्तरे कोणाला दाखवू नका. पुढच्या सत्राची सुरुवात मात्र त्यांच्यापासून करा.