योगवर्गाचे टाचण

वर्गावर जाण्यापूर्वी शिक्षक पाठाचे टाचण काढतात, हे तुम्हांस ठाऊक असेल. कोणता भाग आधी घ्यावयाचा, कोणते प्रश्न विचारावयाचे, फळ्यावर काय लिहावयाचे, हे त्यात असते. मी ३६ वर्षे अशी टाचणे काढली आणि पुढे मुख्याध्यापक या नात्याने इतरांची तपासली. निवृत्तीनंतर डोंबिवलीतील एका योगवर्गास जाऊ लागलो, तेव्हा तेथील बाईंच्या हातीही तशीच वही पाहून मला नवल वाटले. आसनांना टाचण कशाला?

मी विचारले, तेव्हा बाईंनी वही उघडून दाखविली. पानाच्या माथ्यावर आसनांची नावे नव्हतीच. माणसांच्या अडचणी होत्या. 'खिडकीजवळचे काका : गुडघा. मागील रांगेतील दोघी : कंबर. नवीन येणारे : रक्तदाब विचारणे.' त्याखाली साठ मिनिटांची वाटणी होती. आरंभी शांत बसणे, मग मान, खांदे, घोटे सैल करणे, नंतर उभ्याने ताडासन व वृक्षासन, मग बैठी आसने, मग पोटावर निजून भुजंगासन, शलभासन, मग पाठीवरची, अखेरीस शवासन आणि प्राणायाम.

हा क्रम मनास येईल तसा लावलेला नसतो. पहाटे सांधे आखडलेले असतात. ते मोकळे होण्यापूर्वीच कंबरेस मोठा बाक दिला तर स्नायू दुखावण्याचे भय असते. उभी, बैठी, निजून करावयाची असे गट पाडले म्हणजे वारंवार ऊठबस करावी लागत नाही व श्वास स्थिर राहतो. पाठीचा कणा मागे वाकविला की पुढे तो उलट दिशेनेही वाकवावयाचा. सर्वांगासनात हनुवटी छातीस टेकते, म्हणून त्यामागून मान मागे नेणारे मत्स्यासन येते. शवासन मात्र 'वेळ उरला तर' घ्यावयाचे नसते. बाई त्याची आठ मिनिटे प्रथम राखून ठेवतात आणि मग उरलेला वेळ इतरांस वाटतात.

अनेकांना एकत्र योग शिकविण्याचा विचार महाराष्ट्रात पूर्वीच झालेला आहे. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी आसनांचे शरीरावर होणारे परिणाम उपकरणांनी तपासले, आणि समूहासाठी 'यौगिक संघ व्यायाम' हे पुस्तक सिद्ध केले. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या शेवटी तर तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांचे टाचण! तरीही आज समोर बसलेल्यांना काय झेपेल, हे शिक्षकालाच पाहावे लागते.

आमच्या डोंबिवलीत याचा प्रत्यय सायंकाळच्या वर्गात येतो. मुंबईहून लोकलने, बहुधा उभ्यानेच, तासाहून अधिक प्रवास करून मंडळी येतात. पोटऱ्या भरून आलेल्या, श्वास उथळ. त्यांना लगेच एका पायावर उभे केले तर तोल कसा राहणार? म्हणून त्या वर्गाचे टाचण निराळे. प्रथम पाठीवर निजून पोटऱ्या खुर्चीवर ठेवावयाच्या. उभी आसने मागाहून, तीही मोजकीच.

आता एक कबुली देतो. मला रक्तदाबाचा विकार आहे. परंतु पहिल्या दिवशी बाईंनी विचारले, तेव्हा चारचौघांत संकोच वाटून मी 'नाही' म्हणालो होतो. पुढे एके सकाळी सर्वांगासनाची पाळी आली. पाय उचलताच माझ्या कानशिलांत ठोके पडू लागले. बाईंनी माझा चेहरा पाहिला मात्र, सर्वांनाच पाय खाली घेण्यास सांगितले. गुडघे दुमडून सगळा वर्ग श्वास मोजीत पडून राहिला. कोणामुळे, हे कोणासही कळले नाही.

वर्ग सुटल्यावर मी सत्य सांगितले व म्हणालो, "बाई, माझ्यामुळे आज तुमचे टाचण मोडले."

"टाचणाचे राहू द्या, सर," त्या म्हणाल्या. "रोज कोणती गोळी घेता, ते आधी लिहून द्या. आणि डॉक्टरांना विचारल्याखेरीज उद्या येऊ नका."

नोकरीत असताना पोरांचे चेहरे कोरे दिसत असूनही मी कितीदा टाचण शेवटच्या ओळीपर्यंत रेटले होते, ते त्या दिवशी घरी जाताना मला आठवत राहिले.

डॉक्टरांची अनुमती घेऊन चार दिवसांनी मी परत गेलो. बाईंची वही उघडीच होती. पानाच्या माथ्यावर एक नवी ओळ होती : 'सर : रक्तदाब. सर्वांगासन नाही. पुन्हा विचारणे, एकटे असताना.'