सहाशे चाळीसची मांडणी

जुना संगणक-खेळ हाही काळाचा दस्तऐवज आहे, असे मला इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून वाटते. पण तो चालल्याशिवाय वाचता येत नाही. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ साली डॉस प्रणालीसाठी आला. चार मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रावरही त्या काळचे असे खेळ ‘स्मृती अपुरी’ म्हणून अडून बसत. हे कसे?

मूळ १९८१ च्या आयबीएम पीसीत आहे. त्यातील इंटेल ८०८८ ही चिप एक मेगाबाइटपुरतेच पत्ते ओळखी. त्यातले वरचे ३८४ किलोबाइट पडदा व यंत्राच्या अंगभूत आज्ञांसाठी राखले. कार्यक्रमांना उरले ६४०. पुढे स्मृती वाढली, तरी डॉसने ती चौकट सोडली नाही. त्या ६४० मध्येच डॉस, माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर पथारी पसरून बसत.

आमच्या दोन खोल्यांत आई अंथरुणे माळ्यावर टाकते, तेव्हा पंगत बसते. १९९१ च्या एमएस-डॉस ५ ने ३८६ यंत्रावर हीच सोय दिली. कॉन्फिग.सिस फाइलीत आधी हायमेम.सिस, मग ‘नोईएमएस’सह ईएमएम३८६, नंतर ‘डॉस=हाय,यूएमबी’ लिहिले की डॉसचा बराच भाग पहिल्या मेगाबाइटच्या वर सरकतो. ड्रायव्हर ‘डिव्हाइसहाय’ने राखीव पट्ट्यातील रिकाम्या जागांत बसवायचे. मोठा आधी बसवावा. लहानांनी जागा तोडली तर त्याला सलग जागा मिळत नाही. ‘मेम /सी’ ही आज्ञा कोणी किती जागा अडवली ते दाखवते. नको असलेल्या ओळीआधी ‘रेम’ लिहावे, म्हणजे ती पुसावी लागत नाही. खेळ संपल्यावर ‘रेम’ काढून यंत्र पुन्हा सुरू केले की झाले.