नऊ सप्टेंबर

पुष्कळ शाळांतून प्रार्थनेनंतर त्या दिवसाचा दिनविशेष वाचण्याची प्रथा आहे. कोणाचा जन्म, कोणाचा मृत्यू, कोठे झालेली लढाई, कोणी लावलेला शोध, अशा गोष्टी एकाच तारखेखाली फळ्यावर ओळीने मांडल्या जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी फळा पुसला जातो व नवी तारीख, नवी नावे त्यावर येतात. या यादीतील माणसांचा परस्परांशी काही संबंध असतो काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

उदाहरणादाखल ९ सप्टेंबर ही तारीख घ्यावी. १०८७ साली या तारखेस इंग्लंड जिंकून घेणारा राजा विल्यम फ्रान्समधील रुआँ नगरात मरण पावला. १७३७ साली इटलीतील बोलोन्या येथे लुइजी गॅल्व्हानी जन्मला. मेलेल्या बेडकाच्या पायाला धातूंचा स्पर्श होताच तो पाय झटका देतो, हे त्याने पाहिले. प्रयोगशाळेत विजेचा क्षीण प्रवाह दाखविणाऱ्या उपकरणास 'गॅल्व्हानोमीटर' म्हणतात ते त्याच्याच नावावरून. १८२८ साली रशियात लिओ टॉल्स्टॉय या थोर कादंबरीकाराचा जन्म झाला. १८५० साली काशी येथे आधुनिक हिंदी साहित्याचे एक प्रवर्तक भारतेंदु हरिश्चंद्र जन्मले, आणि नेमक्या त्याच दिवशी कॅलिफोर्निया हा प्रांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकतिसावे राज्य म्हणून सामील झाला. १९४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका अवाढव्य गणकयंत्रात अडकलेला पतंग सापडला, तो तंत्रज्ञांनी नोंदवहीच्या पानावर चिकटवून ठेवला. १९७४ साली हिमाचल प्रदेशात विक्रम बत्रा जन्मले. पुढे १९९९ साली कारगिलच्या युद्धात त्यांना वीरमरण आले व मरणोत्तर परमवीरचक्र लाभले. २०१२ साली, ज्यांनी आणंदच्या दूध उत्पादकांची सहकारी चळवळ देशभर नेली ते वर्गीस कुरियन याच तारखेस निवर्तले.

राजा आणि पतंग, बेडकाचा पाय आणि दुधाची सहकारी संस्था! यादी वाचून गंमत वाटते, आणि काही लोकांना त्यात दैवी संकेतही दिसू लागतो. वस्तुतः त्यात नवल काहीच नाही. वर्षाच्या तारखा अवघ्या ३६६ आणि पृथ्वीवरील माणसे आठशे कोटींच्या घरात. तेव्हा प्रत्येक तारखेच्या वाट्यास दोन कोटींहून अधिक वाढदिवस येणारच. फार लांब जावयास नको. ज्या वर्गात चाळीस मुले आहेत, त्या वर्गात कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस असण्याचा संभव शंभरात सुमारे ८९ इतका असतो. मुले तेवीस असली, तरीही तो निम्म्याहून थोडा अधिकच भरतो. हे सांगितले असता बहुतेकांचा विश्वास बसत नाही. परंतु वर्गाचे हजेरीपुस्तक उघडून पडताळा पाहण्यास कोणाचीच आडकाठी नाही.

दुसरी गोष्ट याहून विचार करण्याजोगी आहे. यादीत एका ओळीत बसलेले हे दिवस खरोखर एकच आहेत काय? टॉल्स्टॉयच्या घरी त्याच्या जन्मदिवशी कोणी तारीख विचारली असती, तर २८ ऑगस्ट असे उत्तर मिळाले असते. कारण रशियात त्या काळी ज्युलियस सीझरच्या नावाने ओळखली जाणारी जुनी कालगणना चालत असे. त्या गणनेत वर्ष बरोबर तीनशे सव्वापासष्ट दिवसांचे, म्हणजे ३६५ दिवस व ६ तासांचे धरीत. सूर्याचे खरे वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नव्हे, असे वाटते. पण ती साचत साचत सुमारे १२८ वर्षांत एक संपूर्ण दिवस होतो. सुमारे सोळाशे वर्षांनी हा हिशेब इतका चुकला, की पोप ग्रेगरी यांनी १५८२ सालच्या ऑक्टोबरात ४ तारखेनंतर एकदम १५ तारीख धरण्याची आज्ञा केली. कोणी ती लगेच मानली, कोणी दीडदोनशे वर्षांनी, आणि रशियाने तर १९१८ साली.

इंग्रजांच्या राज्यात हा बदल १७५२ साली झाला. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या बुधवारी रात्री लोक झोपले व दुसऱ्या दिवशी उठले, तो गुरुवार, १४ सप्टेंबर! म्हणजे त्या राज्यात त्या वर्षी ९ सप्टेंबर उगवलाच नाही. राजा विल्यमचा ९ सप्टेंबर जुन्या गणनेतला, टॉल्स्टॉयचा नव्या गणनेत बदलून घेतलेला. सूर्याला साक्षी ठेवून मोजले, तर या दोन दिवसांत सहा दिवसांचे अंतर पडते; दिनविशेषाच्या फळ्यावर मात्र ते शेजारी शेजारी बसतात.

महाराष्ट्रातील घरांना ही अडचण नवी नाही. येथे प्रत्येक भिंतीवर दोन कालगणना एकाच पानावर नांदतात. वाढदिवस तारखेने आणि श्राद्ध तिथीने, असा व्यवहार कित्येक घरांत चालतो. ९ सप्टेंबर ही तारीख २०१८ साली श्रावणी अमावास्येस, म्हणजे ऐन पोळ्याच्या दिवशी आली. तीच २०२१ साली हरितालिकेच्या दिवशी आली. तारीख स्थिर आणि तिथी फिरती म्हणावी, तर तिथीच्या बाजूने पाहणाऱ्यास तारीखच फिरताना दिसते. दोन्ही गणना आपापल्या जागी खऱ्याच आहेत.

मग तारखेला अर्थ येतो तो कोठून? याचे उत्तर शोधण्यासाठी नंदुरबारला जावे लागते.

नंदुरबार हे तापीच्या खोऱ्यातील जुने बाजाराचे गाव. उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस गुजरातची सीमा, आणि गावावरून सुरत-भुसावळ लोहमार्ग गेलेला. आज ते जिल्ह्याचे ठिकाण आहे; १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा करण्यात आला. १९४२ साली मात्र हा सारा मुलूख पश्चिम खानदेश या नावाने ओळखला जाई. गावात मराठी, अहिराणी, गुजराती व भिली अशा चार बोली सहज कानांवर पडत. याच गावी एका गुजराती व्यापारी घराण्यात २८ डिसेंबर १९२६ रोजी शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता याचा जन्म झाला.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशीची पहाट उजाडते न उजाडते, तोच गांधीजी, पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी पुढाऱ्यांना सरकारने पकडून नेले. मार्ग दाखविणारे सारे तुरुंगात गेल्यावर चळवळ आपोआप विझेल, असा सरकारचा होरा होता. तो साफ चुकला. पुढारी नाहीत असे पाहून गावोगावचे सामान्य लोकच पुढारी झाले. आणि त्यांत शाळकरी मुलेही होती. ९ ऑगस्ट ही तारीख तेव्हापासून नुसती तारीख राहिली नाही. पुढच्या महिन्याची ९ तारीख जवळ येऊ लागली, तेव्हा चळवळीला महिना पूर्ण होणार हे सर्वांना ठाऊक होते. लोकांना ठाऊक होते, तसेच पोलिसांनाही.

९ सप्टेंबर १९४२ हा बुधवार होता. त्या दिवशी नंदुरबारात मुलामुलींची मिरवणूक निघाली. हाती तिरंगा आणि मुखी घोषणा. त्यांतील एक घोषणा गुजराती भाषेतली होती. सीमेवरच्या गावात देशप्रेम कोणत्या भाषेत बोलावे, असा प्रश्न कोणाला पडला नाही. मिरवणूक गावातील माणिक चौकात आली, तेव्हा पोलिसांनी ती अडविली. परत फिरा, असे बजावण्यात आले. मुले फिरली नाहीत. शिरीषकुमारच्या हाती झेंडा होता. पोलिसांनी मिरवणुकीतील मुलींच्या रोखाने बंदूक धरली, तेव्हा गोळी घालावयाचीच असेल तर ती मला घाला, असे म्हणून तो पुढे झाला, असे नंदुरबारात सांगतात. बंदुका झडल्या. शिरीषकुमार कोसळला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे त्याचे चार सोबतीही त्या गोळीबारात बळी पडले.

शिरीषकुमारला सोळा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्याच्या वाढदिवसास अजून साडेतीन महिने अवकाश होता.

टॉल्स्टॉयचा जन्मदिवस आणि शिरीषकुमारचा मृत्युदिवस एकच यावा, हा निव्वळ योगायोग होय. तरीही त्या दोघांमध्ये एक दुवा आहे, आणि तो तारखेने जोडलेला नाही. अन्यायाला शरण जाऊ नये, पण त्यासाठी शस्त्रही उचलू नये, हा टॉल्स्टॉयचा विचार दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींच्या मनावर खोल ठसला. दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला, आणि १९१० साली जोहान्सबर्गजवळ सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी जी वसाहत उभी राहिली, तिला 'टॉल्स्टॉय फार्म' असे नाव देण्यात आले. तोच विचार भारतात आला, गावोगाव पसरला, आणि बत्तीस वर्षांनी नंदुरबारच्या मुलांच्या हाती झेंडा होता, दगड नव्हता. दिनविशेषाच्या यादीत हा धागा दिसत नाही. तो शोधण्यास इतिहास वाचावा लागतो.

त्याच ९ सप्टेंबर १९४२ रोजी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस आणखी एक घटना घडली. जग तेव्हा महायुद्धात होरपळत होते. नोबुओ फुजिता नावाचा जपानी वैमानिक एका पाणबुडीवरून लहानसे विमान घेऊन निघाला आणि अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात ब्रुकिंग्ज गावाजवळच्या अरण्यावर त्याने आग लावणारे बाँब टाकले. अरण्य पेटून मोठा वणवा व्हावा, अशी योजना होती. पण झाडी ओली होती. लागलेली आग थोडक्यात विझली व कोणाचाही प्राण गेला नाही. तेथे तेव्हा सकाळ होती. त्या वेळी नंदुरबारात सायंकाळ झाली होती. म्हणजे तारीख एकच असली, तरी घटका निराळी. वीस वर्षांनी, १९६२ साली, ब्रुकिंग्जच्या लोकांनी त्याच फुजिताला पाहुणा म्हणून बोलाविले. त्याने आपल्या घराण्यात चारशे वर्षे चालत आलेली तलवार बरोबर नेली व ती त्या गावाला अर्पण केली. पुढे ती तेथील ग्रंथालयात ठेवण्यात आली. ज्याने आग टाकली त्याला पाहुणा करून घ्यावे, ही गोष्ट सोपी नव्हती. गावातील काही लोकांना ती मुळीच रुचली नव्हती. तरी ती घडली.

नंदुरबारला माणिक चौकात हुतात्म्यांचे स्मारक आहे. भोवती बाजाराची वर्दळ असते, दुकाने उघडतात, मिटतात. दरवर्षी ९ सप्टेंबरला तेथे फुले वाहिली जातात. शाळांची मुले येतात, आणि त्यांत शिरीषकुमारच्या वयाचीही असतात.

१९४२ साली त्या दिवशी श्रावण वद्य चतुर्दशी होती. दुसऱ्या दिवशी पोळा होता.

अभ्यास

१. १७५२ साली इंग्रजांच्या राज्यात ९ सप्टेंबर हा दिवस का उगवला नाही? कारण समजावून सांगा.

२. टॉल्स्टॉय आणि नंदुरबारचे हुतात्मे यांच्यामधील दुवा कोणता? तो दिनविशेषाच्या यादीत का दिसत नाही?

३. फुजिताला गावात बोलाविणे काही लोकांना का रुचले नसेल? दोन्ही बाजूंनी विचार करून दहा ओळी लिहा.

४. आपल्या गावात कोणत्या तारखेस अथवा तिथीस कोणाचे स्मरण केले जाते, हे घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा व ती हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.